तेरा किलोमीटरचा हिशेब

धारवाडहून गोव्याला निघालेला रस्ता केलगेरीवरून शहर सोडतो. धारवाडकर त्याला सरळ ‘गोवा रोड’ म्हणतात. डाव्या-उजव्या हाताची घरं विरळ होतात, तळं मागे पडतं आणि जमिनीचा रंग बदलायला लागतो. पूर्वेकडच्या कापसाच्या काळ्या रानाची सद्दी इथं संपते. पश्चिमेला तांबडी माती, भातखाचरं, साग, बांबू आणि पुढे दाट झाडी. धारवाडला वर्षाकाठी आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. याच दिशेनं सह्याद्रीच्या कड्यावर वसलेल्या कॅसल रॉकला तो पाच हजारांच्या वर जातो. मधलं अंतर शंभर किलोमीटरही नाही. एवढ्या थोड्या अंतरात पाऊस सहापट होतो आणि त्यामागोमाग झाडं, प्राणी, घरांची छपरं, ताटातलं जेवण सगळंच पालटतं. भाषासुद्धा. वर कानडी, खानापूर-लोंढ्याच्या पट्ट्यात मराठी आणि घाटाखाली कोकणी.

केलगेरीहून हा रस्ता अळणावरमार्गे रामनगरला पोचतो. काही वर्षांपूर्वी तो टोल तत्त्वावर सुधारला गेला. रामनगर हे काळी नदीवरच्या सुपा धरणात बुडालेल्या गावांच्या पुनर्वसनातून उभं राहिलेलं गाव. तिथं बेळगाव-खानापूर-लोंढ्याहून येणारा राष्ट्रीय महामार्ग भेटतो. त्याचा जुना क्रमांक ४-अ, नवा ७४८. ट्रकवाले आणि वकील दोघंही अजून ‘फोर-ए’च म्हणतात. इथून अनमोड, मग घाट, मग मोले, फोंडा आणि पणजी. धारवाडपासून पणजीपर्यंत सगळं मिळून दीडशे किलोमीटरच्या आसपास.

या दीडशेपैकी अनमोड ते मोले हे तेरा किलोमीटर आपल्या प्रकरणाचा विषय आहेत. हा घाट भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानाच्या पट्ट्यातून उतरतो. १९६९ साली अभयारण्य झालं, १९७८ साली त्यातला गाभा राष्ट्रीय उद्यान झाला. दोन्ही मिळून २४० चौरस किलोमीटर. घाटमाथ्यावर त्याला लागून कर्नाटकातला काळी व्याघ्र प्रकल्प, उत्तरेला म्हादई आणि भीमगडची अभयारण्यं. नकाशावर ही चार नावं आणि दोन राज्यं दिसतात. वाघाला आणि गव्याला मात्र ते एकच रान. त्यातून जाणारा दोनपदरी रस्ता चौपदरी करायचा का, आणि करायचा तर कुठून, हा प्रश्न गेली काही वर्षं सरकारी समित्या आणि न्यायालयांच्या फायलींमध्ये फिरतो आहे.

मार्गाचे पर्याय तोलायचे म्हणजे काय करतात? पुस्तकी उत्तर सोपं आहे. नकाशावर तीन-चार रेघा मारायच्या, प्रत्येकीची लांबी, खर्च, लागणारी जमीन, तुटणारी झाडं, वाचणारा वेळ कोष्टकात भरायचा आणि बेरीज बरी दिसेल ती रेघ उचलायची. अशी कोष्टकं मी बरीच पाहिली आहेत. त्यातली आकडेमोड बहुतेक वेळा चोख असते. खरी निवड मात्र कोष्टक भरण्याआधीच होऊन गेलेली असते. कोष्टकाला रकाने कोणते, रेघ सुरू कुठून होते आणि संपते कुठे, हे ज्यानं ठरवलं त्यानं अर्धा निकाल दिलेला असतो.

आधी अभियंत्याच्या बाजूनं पाहू. त्याची पहिली अडचण उंचीची. अनमोडहून मोल्यापर्यंत रस्ता पाचशे मीटरच्या आसपास खाली उतरतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणे डोंगरी मुलखात सर्वसाधारण चढ पाच टक्क्यांचा, म्हणजे वीस मीटर चालल्यावर एक मीटर चढ. पाचशे मीटर उतरायला या हिशेबानं किमान दहा किलोमीटर लागणारच. वळणांवर चढ सौम्य ठेवावा लागतो, म्हणून बारा-तेरा. याचा अर्थ असा की जमिनीवरून कुठलीही नवी आखणी केली तरी हा घाट आखूड होत नाही. रस्ता चार पदरांचा केला तरी लांबी तीच राहते, फक्त डोंगराला दिलेला काप रुंद होतो. वरच्या बाजूला कडा आणखी मागे खोदायचा, खालच्या बाजूला दरीत संरक्षक भिंत बांधायची आणि मधून वाहणाऱ्या प्रत्येक ओहोळाला मोरीतून जायला लावायचं. पाच हजार मिलिमीटर पावसात उघडा पडलेला कडा पुढची कित्येक वर्षं खाली येत राहतो.

दुसरी गोष्ट वाहतुकीची. रस्त्याची क्षमता मोजायला वाहनं नुसती मोजत नाहीत. त्यांचं कारच्या एककात रूपांतर करतात. कार म्हणजे एक. ट्रक जागा अडवतो, चढावर रेंगाळतो, म्हणून तो दोन, तीन, कधी त्याहून जास्त धरतात. १९९० च्या मानकानुसार सपाट मुलखातला दोनपदरी रस्ता दिवसाला अशी १५ हजार एककं सोयीनं वाहून नेतो. डोंगरात, वळणं फार असतील तर तोच आकडा ५ हजारांवर येतो. म्हणजे अनमोडसारख्या घाटात हजार-बाराशे ट्रक आणि दीडेक हजार गाड्या झाल्या की कागदावर रस्ता ‘भरला’. रस्ता भरला की अहवालात पुढचं वाक्य ठरलेलं: सबब चौपदरीकरण आवश्यक.

इथं थोडं थांबायला हवं. रस्ता भरला हे खरंच आहे. घाटात टँकरच्या मागे अडकलेल्या कुणालाही ते अहवालाशिवाय पटेल. पण तो कशानं भरला हेही याच गणितातून दिसतं. या उदाहरणात वाहनांपैकी निम्म्याहून कमी ट्रक आहेत, पण एककांपैकी दोन-तृतीयांशाहून जास्त ट्रकांची आहेत. तेव्हा भार कमी करायचे दोन मार्ग निघतात. रस्ता रुंद करा, किंवा ट्रकांची वेळ वा वाट बदला. दुसरा मार्ग कोष्टकात क्वचितच येतो, कारण तो बांधकामाचा नाही. त्याची निविदा निघत नाही.

आता वेळेचा रकाना. घाटात ताशी तीस किलोमीटरचा वेग धरला तर तेरा किलोमीटरला सव्वीस मिनिटं लागतात. चौपदरीवर ताशी पन्नास धरला तर सोळा. वाचली दहा मिनिटं. केलगेरी ते पणजी या चार तासांच्या प्रवासात दहा मिनिटं म्हणजे रामनगरला चहा घ्यायला थांबलात तर तेवढ्यात संपतात. पण लाभाच्या रकान्यात ती अशी भरत नाहीत. दहा मिनिटं गुणिले रोजची हजारो वाहनं गुणिले ३६५ दिवस गुणिले वीस-पंचवीस वर्षं, आणि त्याला माणसाच्या वेळेचा रुपयांतला भाव. बघता बघता कित्येक कोटी होतात. यात खोटं काही नाही, रीतच तशी आहे. जंगल मात्र त्याच कोष्टकात रोज, दरवर्षी, पंचवीस वर्षं असं मोजलं जात नाही. ते एकदाच मोजतात आणि पावती फाडतात.

ती पावती किती रुपयांची असते, हे जरा जवळून पाहू. वनजमीन दुसऱ्या कामाला दिली की तिची ‘सध्याची निव्वळ किंमत’ भरावी लागते. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २००८ मध्ये ठरवलेल्या दरांत उत्तम प्रतीच्या दाट जंगलाला हेक्टरी १० लाख ४३ हजार रुपये होते. अभयारण्य असेल तर पाचपट, राष्ट्रीय उद्यान असेल तर दहापट. मोल्याचे प्रस्ताव मंजुरीसाठी गेले तेव्हा हेच दर लागू होते. दहापट म्हणजे हेक्टरी १ कोटी ४ लाख. ऐकायला भरपूर वाटतं. पण आपल्याकडे जमिनीचा भाव हेक्टरात कुणी विचारत नाही, गुंठ्यात विचारतात. हेक्टर म्हणजे जवळपास ९९ गुंठे. भागून पाहा: राष्ट्रीय उद्यानातल्या उत्तमातल्या उत्तम जंगलाचा गुंठा सव्वा लाखाच्या आत, अभयारण्यातला पन्नास-पंचावन्न हजारांत. २०२२ मध्ये दर वाढले, तरी गुंठा दोन लाखांच्या आतच राहिला. केलगेरीच्या अलीकडे-पलीकडे रस्त्याकडेला या भावानं बिगरशेती प्लॉट मिळतो का, एखाद्या एजंटला विचारून बघा. तो हसेल.

मार्गनिवडीतली मोठी गोम या भागाकारात आहे. गावातून रस्ता न्यायचा तर घरमालक, दुकानदार, देवस्थानची समिती, ग्रामपंचायत, सगळे उभे राहतात आणि राहायलाच हवेत. याच महामार्गावर खाली फोंड्याच्या पुढे भोम गाव आहे. तिथल्या लोकांनी गावातून जाणाऱ्या रुंदीकरणाला कित्येक वर्षं विरोध केला, घरं आणि देवळं वाचवायला बगलरस्ता मागितला. त्यांचं म्हणणं कोष्टकात येतं, कारण ते बोलू शकतात, मोर्चा काढू शकतात, मतं देऊ शकतात. जंगलाचा सातबारा एकाच मालकाच्या नावे असतो आणि तो मालक सरकारच. म्हणून रेघ मारणाऱ्याची पेन्सिल नकळत हिरव्या पट्ट्याकडे सरकते. तिथं जमीन स्वस्त, मालक एक, भूसंपादनाची दगदग नाही. हे कुणाच्या वाईट हेतूनं होतं असं नाही. उताराकडे पाणी वाहतं तसं ते होतं.

हेतूचा विषय निघालाच आहे तर सीमेचं गणित बघा. बेळगाव ते पणजी हा महामार्ग साधारण १५३ किलोमीटरचा. त्यातले ८४ किलोमीटर कर्नाटकात, बाकीचे ६९ गोव्यात. काम दोन राज्यांत दोन स्वतंत्र प्रकल्प म्हणून निघालं; तेही बेळगाव-खानापूर चौपदरी, पुढे गोव्याच्या हद्दीपर्यंत दोनपदरीच पण पक्क्या साइडपट्ट्यांसह, आणि हद्दीपासून खाली पुन्हा चौपदरी असं. पर्यावरणीय मंजुरीच्या नियमांत ऑगस्ट २०१३ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार अस्तित्वातल्या महामार्गाचं रुंदीकरण शंभर किलोमीटरांहून जास्त लांबीचं असेल आणि चाळीस मीटरहून जास्त रुंदीची वाढीव जागा लागत असेल, तरच ती मंजुरी लागते. ८४ शंभरपेक्षा कमी, ६९ही कमी. १५३ मात्र जास्त. असं मुद्दाम केलं की राज्याच्या हद्दीमुळे आपोआप झालं, या वादात मी पडत नाही. परिणाम तोच: सगळ्या मार्गाकडे एकत्र पाहून ‘गोव्याला जायची चांगली वाट कुठली’ हे विचारायची जागाच कोष्टकात उरली नाही. आणि एक विसंगती तशीच राहिली. घाटाच्या वर दोन पदर, घाटात चार. फनेलचं तोंड कुठल्या बाजूला रुंद असावं, हे तरी ठरवायला हवं होतं.

मोल्याचं प्रकरण नीट कळायला रस्त्याबरोबर आलेले दुसरे दोन प्रकल्पही पाहावे लागतात. एक रेल्वेचा दुसरा मार्ग, दुसरी ४०० किलोव्होल्टची वीजवाहिनी. गंमत म्हणजे तिन्हींची मुळं धारवाडात येऊन पोचतात. रेल्वे तर जुनी. १८८० च्या दशकात मुरगाव बंदरापासून पोर्तुगीज हद्दीतला लोहमार्ग ब्रागांझा घाट चढून कॅसल रॉकला आला आणि तिथून पुढे सदर्न मराठा रेल्वेनं तो दख्खनशी जोडला. या कंपनीचं मुख्यालय धारवाडला होतं. आज त्या इमारतीत कर्नाटक कॉलेज भरतं. वीजवाहिनी धारवाडजवळच्या नरेंद्र उपकेंद्रातून निघून गोव्यातल्या शेल्डेपर्यंत जायची होती. आणि रस्ता तर आपला केलगेरीचा.

डिसेंबर २०१९ ते एप्रिल २०२० या काळात राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीनं तिन्ही प्रकल्पांना हिरवा कंदील दाखवला. त्यातला काही भाग टाळेबंदीत, दूरदृश्य बैठकीत. तिन्ही मिळून पन्नास हजारांहून अधिक झाडं जाणार होती. गोव्यात विद्यार्थी, शास्त्रज्ञ, चित्रकार, वकील असे नाना तऱ्हेचे लोक एकत्र आले. गोवा फाउंडेशन ही संस्था सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय सक्षम समितीकडे गेली. एप्रिल २०२१ मध्ये समितीचा अहवाल आला. मार्गाचे पर्याय कसे तोलावेत याचा तो या भागातला सगळ्यात चांगला धडा आहे, कारण एकाच जंगलातल्या तीन रेघांना समितीनं तीन वेगळी उत्तरं दिली.

रेल्वेला सरळ नकार. समितीनं विचारलं, या घाटातून दुसरा रूळ टाकून नेमकं वाढणार काय? तिनईघाट ते कुळे या घाटात चढ सदतिसास एक इतका उभा. मालगाडीला मागे-पुढे जादा इंजिनं लावावी लागतात, उतरताना वेग अगदी कमी ठेवावा लागतो. रूळ दोन झाले तरी डोंगर तोच. शिवाय वर जाणाऱ्या मालात मोठा वाटा कोळशाचा, मुरगावला उतरून बळ्ळारीकडच्या पोलाद कारखान्यांना जाणारा. बळ्ळारीला कोळसा पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरांतूनही पोचू शकतो. प्रश्न ‘मोल्यातून रूळ कसा न्यायचा’ इथून सरकून ‘कोळसा बळ्ळारीला कसा न्यायचा’ इथं आला आणि उत्तर बदललं. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली.

वीजवाहिनीला नकार नाही, पण वाट बदला. जंगलातून आधीच जुन्या वाहिन्या गेल्या आहेत, त्यांच्या खालची पट्टी मोकळी केलेली आहेच. नवी तार त्याच पट्टीतून न्या, रानाला नवी चीर पाडू नका. हे सुचायला फार मोठी विद्या लागत नाही. लागते ती जुना नकाशा उघडायची तयारी.

रस्त्याच्या बाबतीत मामला अवघड. रस्ता आधीपासून आहे, माणसं त्यावरून जातात, गोव्याची भाजी आणि दूध बऱ्याच अंशी बेळगावकडून येतं. घाट बंद पडला की म्हापसा-मडगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव चढतो. सरसकट नकार इथं चालत नाही. समितीनं बोट दाखवलं ते प्राण्यांच्या वाटा मोकळ्या ठेवणाऱ्या बांधकामाकडे: खांबांवरचा रस्ता, शक्य तिथं भुयार.

असं बांधकाम कामाचं ठरतं याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रात आहे. नागपूर-शिवनी महामार्ग पेंच व्याघ्र प्रकल्पाला खेटून जातो. तो चौपदरी करताना बरीच वर्षं कोर्टकज्जे झाले आणि शेवटी महाराष्ट्रातल्या टप्प्यात प्राण्यांसाठी नऊ पूल-बोगदे बांधले गेले, त्यातला सगळ्यात लांब साडेसातशे मीटरचा. भारतीय वन्यजीव संस्थेनं २०१९ मध्ये त्यांच्याखाली कॅमेरे लावले तेव्हा अठरा प्रजातींचे प्राणी ये-जा करताना दिसले. चितळ, रानडुक्कर, गवा, आणि वाघसुद्धा. वर ट्रक धावताहेत आणि खालून वाघीण आरामात जाते आहे, ही छायाचित्रं तुम्हीही पाहिली असतील.

पण पेंच म्हणजे अनमोड नाही. पेंचला जमीन बऱ्यापैकी सपाट. रस्ता पाच-सात मीटर वर उचलला की खाली मोकळं मैदान मिळतं. घाटात एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. खांब रोवायचे तर प्रत्येक खांबाच्या पायासाठी उतारावर यंत्र न्यायला वेगळा कच्चा रस्ता कापावा लागतो. पूल झाल्यावर खालची जागा मोकळी दिसते. बांधताना ती कशी होती, ते छायाचित्रात येत नाही. शिवाय मोल्याच्या सदाहरित रानात सगळेच प्राणी जमिनीवरून चालत नाहीत. शेकरू आणि लाजवंती झाडांच्या शेंड्यावरून जातात. वरच्या फांद्या एकमेकींना भिडलेल्या असतील तर दोनपदरी रस्ता त्यांना अडवत नाही. तोच चौपदरी झाला की फांद्यांमधलं अंतर उडीच्या पलीकडे जातं, आणि लाजवंतीला तर उडी मारताच येत नाही. पावसाळ्याच्या पहिल्या रात्री रस्त्यावर येणारे बेडूक, पैसा किडे, साप यांचा हिशेब तर वेगळाच. त्यांना साडेसातशे मीटरच्या पुलाचा उपयोग थोडा, छोट्या-छोट्या मोऱ्यांचा जास्त.

राहिला बोगदा. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे पावणेपाच किलोमीटर लांबीचे जुळे बोगदे होत आहेत, म्हणजे तंत्र नवलाईचं नाही. बोगद्यानं वरचं जंगल जागेवर राहतं. पण पाचशे मीटर खाली उतरायचंच असल्यामुळे इथला बोगदा लांब आणि उतरता असेल, खर्च बेसुमार, आणि पोटातून काढलेला दगड कुठे टाकायचा हा प्रश्न शेवटी दरीपाशीच येऊन उभा राहतो. डोंगराच्या पोटातलं पाणी कुठल्या भेगेतून कुठल्या झऱ्याला जातं, हे आधी समजून घ्यावं लागतं. नाहीतर वर झाडं उभी आणि खाली झरे आटलेले.

आता दुसरी बाजू, कारण रुंदीकरण मागणारे सगळे ठेकेदारच असतात असं मानणं सोयीचं असलं तरी खरं नाही. केलगेरीपासून फार दूर नाही असा हुबळी-धारवाड बायपास घ्या. पुणे-बंगळूर महामार्ग दोन्हीकडून रुंद होत आला, पण मधला तीसेक किलोमीटरचा हा तुकडा वर्षानुवर्षं दोनपदरीच राहिला. १५ जानेवारी २०२१ च्या सकाळी इटिगट्टीजवळ टिपर आणि टेम्पो ट्रॅव्हलरची धडक झाली. दावणगेरेहून गोव्याला निघालेल्या मैत्रिणींची ती गाडी होती. अकरा माणसं गेली. त्यानंतर या तुकड्याच्या रुंदीकरणाला वेग आला, आणि तो यायलाच हवा होता. तिथं शेजारी शेतं आहेत, गावं आहेत, वाहतूक प्रचंड आहे आणि मधे दुभाजक नसल्यानं माणसं मरत होती. तिथं कोष्टकाचं उत्तर बरोबरच होतं. मरणाऱ्या माणसांचा रकाना असल्याशिवाय कुठलंही कोष्टक मांडूच नये.

मात्र घाटात तोच उपाय आपोआप लागू होत नाही. सपाट रस्त्यावर समोरासमोरची धडक दुभाजकानं टळते. घाटात ब्रेक निकामी होणं, वळणावर लवंडणं, दरड कोसळणं ही कारणं मोठी, आणि वेग वाढला की त्यातली पहिली दोन बळावतात. पाच टक्के उतारावर भरलेला ट्रक ताशी पन्नासनं सोडायचा का, याचा विचार पदर मोजताना होत नाही. वळणावरची दृश्यता, मजबूत कठडे, ब्रेक निकामी झालेल्या गाडीला शिरायला वाळूचे चढते फाटे, थोड्या-थोड्या अंतरावर मागच्यांना पुढे जाऊ द्यायला ट्रकांसाठी बाजूची जागा, एवढं दोनपदरीच्या हद्दीत बसतं. हा पर्याय कोष्टकात आला तर त्याचं नाव बहुधा ‘काहीही न करणे’ असं ठेवलेलं असतं. नाव वाचूनच तो बाद होतो.

जुलै २०२५ मध्ये घाटाच्या माथ्याजवळ, गोवा-कर्नाटक हद्दीवर दूधसागर देवस्थानापाशी रस्त्याचा एक भाग खचला. जड वाहनांना पावसाळ्यात बंदी घालावी लागली. भाजीच्या गाड्यांची ओढाताण झाली, व्यापाऱ्यांनी तक्रारी केल्या. पण त्या निमित्तानं, कुणी मागणी न करता, ट्रकांशिवायचा अनमोड घाट लोकांना पाहायला मिळाला. त्या आठवड्यांत रस्त्यावर किती एककं होती, गाड्यांना किती मिनिटं लागत होती, हे मोजून ठेवलं असतं तर ट्रक वळवण्याच्या पर्यायाला कुठल्याही सल्लागाराच्या प्रतिमानापेक्षा खात्रीचा आकडा मिळाला असता.

ट्रक वळवायचे म्हणजे कुठे? कर्नाटकानं हे एकदा करून दाखवलं आहे. बंडीपूर व्याघ्र प्रकल्पातून केरळ आणि तमिळनाडूकडे जाणाऱ्या दोन राष्ट्रीय महामार्गांवर २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद आहे. ठरावीक सरकारी बसगाड्या आणि रुग्णवाहिका तेवढ्या सुटतात. मार्च २०१० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ती बंदी कायम केली. केरळनं कडाडून विरोध केला, जंगलावरून खांबांवरचा रस्ता न्यायचा प्रस्तावही मधे आला. पण बंदी टिकली, त्यामागे एक साधी गोष्ट होती. हुणसूर-गोणिकोप्प-कुट्टा हा तीस-पस्तीस किलोमीटर लांबचा पर्यायी रस्ता सरकारनं पैसे घालून नीट करून दिला. जंगलातला रस्ता बंद करायचा खर्च जंगलाबाहेरच्या रस्त्यावर झाला.

अनमोडला असा पर्याय म्हणजे हुबळी-यल्लापूर-अंकोला हा राष्ट्रीय महामार्ग ५२ आणि तिथून कारवारवरून किनाऱ्याकिनाऱ्यानं ६६. रस्ता रुंद आहे, ट्रक आजही त्यावरून जातात, पण हुबळीहून मडगावला जायला मोल्याच्या वाटेपेक्षा तो सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब पडतो. एवढं डिझेल, एवढे तास, आणि तेही जंगल वाचवण्यासाठी म्हणाल तर यल्लापूरच्या खालचा अरबैल घाटही रानातूनच उतरतो. २०२१ च्या पावसाळ्यात तिथं दरड आली. जुलै २०२४ मध्ये अंकोल्याजवळ शिरूरला डोंगर महामार्गावर आला, ट्रक थेट गंगावळी नदीत गेला आणि माणसं दगावली. दुसरा पर्याय बेळगावहून चोर्ला घाट. तो जवळचा, पण एका बाजूला भीमगड, दुसऱ्या बाजूला म्हादई. अनमोडचं ओझं तिथं टाकणं म्हणजे एका अभयारण्यातून काढून दोन अभयारण्यांच्या मधे ठेवणं. म्हणून रात्री फक्त जड वाहनं अंकोल्याकडे, दिवसा भाजी-दूध आणि बसगाड्या अनमोडवरून, पावसाळ्याच्या पहिल्या काही आठवड्यांत आणखी कडक वेळा, अशी मिसळ करावी लागेल. तिचा खर्च कुणी सोसायचा, गोव्यानं की कर्नाटकानं, हे ठरवावं लागेल, आणि गाड्या अडवायला अनमोडला रात्रभर जागा असणारा नाका लागेल. तो नाका चौपदरी घाटाच्या खर्चाच्या मानानं फुकटात पडेल. अजून त्याचा प्रस्ताव कुठल्याच कोष्टकात नाही.